शुद्धीवर राहून स्वतःकडे पाहणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बत्तीस वर्षांची आहे. आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल आणि क्वायर (गायकवृंद) बघते. येत्या निवडणुकीत पास्टोरेट कमिटीसाठी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीसाठी, माझं नाव सुचवलं गेलं आहे. कुणी कौतुक केलं की ‘मी काहीच नाही, सगळं प्रभूनं केलं’ असं म्हणते, पण आतून सुखावते. मग रात्री त्याचीच लाज वाटते, आपण ढोंगी आहोत असं वाटून रडू येतं. मागच्या महिन्यात संडे स्कूलच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेनं मला सुनावलं, ‘तुला मुलांपेक्षा माइक प्रिय आहे.’ तेव्हापासून मी त्यांच्याशी नीट बोललेले नाही. ख्रिस्ती माणसानं स्वतःला नेमकं किती कमी समजावं? आणि मी अशी असताना कमिटीत जावं का?"

ताई, सलाम.

तुमच्या प्रश्नातल्या ‘किती कमी’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. चौतीस वर्षं मी मराठी मंडळ्यांत पाळकाचं (पास्टरचं) काम केलं, आता निवृत्त आहे. हे दोन शब्द मी फार जणांच्या तोंडून ऐकले आहेत आणि उमेदीच्या काळात स्वतःही वापरले आहेत. नम्रता म्हणजे स्वतःची किंमत उतरवत जाणं, आणि जो जास्त उतरला तो जास्त पवित्र, असं आपण नकळत शिकतो. कुणी तसं शिकवलेलं नसतं. मंडळीत लोक आपल्या श्रद्धेच्या साक्षी सांगतात त्या ऐकून, प्रार्थना ऐकून ते अंगात मुरतं.

बायबलमध्ये प्रेषित पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय काढा, तिसरं वचन. आपल्या योग्यतेपेक्षा स्वतःला अधिक समजू नका, एवढा भाग आपल्याला पाठ असतो. पण वाक्य तिथं संपत नाही. मग समजावं कसं, हेही पौल त्याच वाक्यात सांगतो, आणि त्यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरतो त्याचा अर्थ मन ठिकाणावर असणं, शुद्धीवर असणं असा आहे. हेच क्रियापद मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात भेटतं. कबरांत राहणारा, बेड्या तोडणारा, रात्रंदिवस ओरडत स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा तो माणूस आठवा. येशूनं त्याला सोडवल्यावर गावची माणसं येऊन बघतात तर तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला. मार्कानं तिथं लिहिलेला शब्द आणि पौलानं इथं लिहिलेला शब्द एकच.

पाळकाचं शिक्षण घेताना सेमिनरीत ग्रीक शिकलो, तिथं हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती नुसती व्याकरणातली गंमत वाटली होती. पुढं लोकांच्या घरी जाऊ लागलो, त्यांचं रात्रीचं रडणं ऐकू लागलो, तेव्हा त्याचं वजन कळलं. ताई, शुद्धीवर नसलेला तो माणूस स्वतःला दगडांनी ठेचत होता. तुम्ही रात्री जे करता आहात त्याला तुम्ही नम्रता समजता आहात का? मला त्यात त्या कबरस्तानातला आवाज ऐकू येतो. पौल आपल्याला ‘कमी समजा’ असं सांगत नाही. शुद्धीवर येऊन समजा, असं सांगतो. स्वतःविषयीच्या फुगलेल्या कल्पनेची जशी नशा चढते, तशीच स्वतःच्या नालायकपणाचीही चढते. दोन्हींत माणूस दिवसभर स्वतःकडेच बघत बसलेला असतो.

आता कौतुकाचं. कौतुक झालं की सुखावणं हे पाप आहे असं मी मानत नाही. मुलांकडून तुम्ही नाताळचं गाणं बसवून घेतलंत, ते चांगलं झालं, कुणी तसं म्हणालं, बरं वाटलं. यात लपवण्यासारखं काय आहे? गडबड पुढच्या वाक्यात होते. ‘मी काहीच नाही’ हे खरं नाही, आणि जे खरं नाही ते प्रभूच्या नावानं बोलू नये. तालमी तुम्ही घेतल्यात. उशिरा घरी गेलात. हार्मोनियम वाजवणाऱ्या मुलाला तीनदा घरून बोलावून आणलंत. ‘हो, मुलांनी फार मेहनत घेतली, आणि मलाही आनंद झाला’ एवढं म्हणा आणि ज्यांनी तुमच्याबरोबर राबलं त्यांची नावं घ्या. तुमचं नाव यादीतून खोडण्याची गरज नाही, बाकीची नावं यादीत आली पाहिजेत. पौल करिंथकरांना लिहितो की प्रेषितांमध्ये मी अगदी कनिष्ठ आहे, मंडळीचा छळ मी केला. आणि लगेच पुढच्या वचनात लिहितो की त्या सर्वांपेक्षा मी अधिक श्रम केले, तरी ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेनं केले. कनिष्ठ हेही खरं, अधिक श्रम केले हेही खरं. त्यानं दोन्ही लिहिली. आपण पहिलं घेतो, कारण ते म्हटलं की लोक आपल्याला भला माणूस म्हणतात.

मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते आता सांगतो, आणि त्यासाठी माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

सेवेची बारा वर्षं झाली होती. एका तालुक्याच्या गावी मी पाळक होतो. प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीच्या) रविवारी उपदेशाआधी मी नेहमी म्हणायचो, ‘मी अयोग्य सेवक आहे, माझ्यात पुष्कळ उणिवा आहेत.’ म्हणताना कधीकधी गळा दाटून यायचा, आणि ते नाटक नव्हतं. त्या मंडळीचे खजिनदार निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. एका संध्याकाळी ते बंगल्यावर आले, चहा घेतला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. ‘साहेब, मागच्या वर्षी तुम्ही किती घरांना भेटी दिल्यात ते मी सहज मांडून पाहिलं. चाळीस घरं. त्यांतली चौतीस कॉलनीतली. वस्तीत आपली बावन्न कुटुंबं आहेत, तिथली सहा. त्यांतही चार वेळा मयत होती म्हणून गेलात.’

मला राग आला. तोंडानं काही बोललो नाही, पण पुढचे तीन रविवार मी गुरुजींच्या नजरेला नजर दिली नाही. मनात त्यांच्याविरुद्ध खटला चालू होता: हे कोण मला विचारणार, वस्तीतली माणसं दिवसा कामावर असतात, कॉलनीत आजारी माणसं जास्त होती. चौथ्या आठवड्यात, त्यांना खोटं ठरवायचं म्हणूनच, मी माझी स्वतःची डायरी काढली आणि मोजायला बसलो. आकडा त्यांच्या आकड्यापेक्षा एकानं कमी निघाला. वस्तीतली पाचच घरं.

त्या रात्री मला कळलं की दर प्रभुभोजनाला मी ‘माझ्यात पुष्कळ उणिवा आहेत’ असं म्हणत होतो, आणि त्यातली एकही उणीव मला माहीत नव्हती. ‘पुष्कळ’ म्हटलं की एकही सांगावी लागत नाही. ‘मी पापी आहे’ हे वाक्य खरं आहे, पण आपण त्याचा पडदा करतो. त्याच्याआड ‘मी वस्तीत जात नाही, कारण कॉलनीत बसायला खुर्ची आणि चांगला चहा मिळतो’ हे वाक्य आरामात लपून बसतं. पहिलं वाक्य हजार लोकांसमोर म्हणता येतं. दुसरं गुरुजींसमोर म्हणायला मला चार आठवडे लागले.

लूकाच्या शुभवर्तमानात दोन जकातदार अगदी शेजारी-शेजारी आहेत. अठराव्या अध्यायातला ऊर बडवून म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, आणि तो नीतिमान ठरून घरी जातो. त्या प्रार्थनेला मी कमी लेखत नाही, आपलं सारं तारण त्याच हाकेवर उभं आहे. पण लूक तिथं थांबत नाही. पुढच्याच अध्यायात यरीहोचा जक्कय आहे. येशूला बघायला चढलेल्या झाडावरून तो उतरतो, येशूला घरी नेतो, आणि उभा राहून काय म्हणतो? मी मोठा पापी आहे असं एकदाही म्हणत नाही. तो आकडे सांगतो. अर्धं द्रव्य गरिबांना, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेल्या वस्तूच्या भरपाईसाठी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलं होतं. चौपट भरपाई असायची ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कयानं स्वतःसाठी चोराचा दर लावून घेतला. त्याची हिशेबाची वही त्याला ठाऊक होती, आणि पश्चात्ताप त्यानं त्याच वहीच्या भाषेत केला. माझ्या मते प्रामाणिक आत्मपरीक्षणाचं याहून स्पष्ट चित्र शास्त्रात नाही.

म्हणून, ताई, ‘मी ढोंगी आहे’ हे वाक्य मी तुमच्याकडून मान्य करून घेणार नाही. ते फार मोठं आणि फार धूसर आहे. मला लहान वाक्य सांगा. कुठल्या दिवशी, कुणाशी, काय? ‘मागच्या रविवारी संडे स्कूलची वेळ झाली होती तरी मी क्वायरच्या माइकची जुळवाजुळव करत राहिले आणि मुलं वीस मिनिटं नुसती बसून होती.’ असं काही झालं होतं का? झालं असेल तर त्यासाठी रडायची गरज नाही. पुढच्या रविवारी वीस मिनिटं आधी पोहोचायची गरज आहे. आणि झालं नसेल, तर तेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं.

हे शेवटचं वाक्य भक्तिमान लोकांना अवघड जातं, म्हणून शमुवेल संदेष्ट्याकडे बोट दाखवतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तो म्हातारा झाला आहे, शौल राजा झाला आहे, आणि तो सगळ्या इस्राएलापुढं उभा राहून विचारतो: मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणाला ठकवलं? कुणाच्या हातून लाच घेतली? सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, तू काहीच घेतलं नाहीस. त्यात शमुवेलाचा गर्व मला कुठं दिसत नाही. त्यानं स्वतःचा हिशेब चारचौघांत मांडला, तपासायला दिला, आणि तो बरोबर निघाला. चांगल्या गोष्टीला चांगली म्हणण्याचं धैर्य हाही शुद्धीवर असण्याचाच भाग आहे. फक्त शमुवेलासारखं ते साक्षीदारांसमोर व्हावं. एकट्यानं आरशासमोर बसून केलं तर आपण आपल्या बाजूनंच निकाल देतो, किंवा तुमच्यासारखे कोवळ्या मनाचे लोक नेहमी विरुद्ध देतात.

एकट्यानं का जमत नाही ते दावीद राजाच्या गोष्टीत दिसतं. नाथान संदेष्टा त्याला एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. श्रीमंतानं ती हिसकावून पाहुण्यासाठी कापली हे ऐकून दावीद संतापतो, त्यानं चौपट भरून द्यावी असा निकालही देतो. दुसऱ्याच्या मेंढीचा कायदा त्याला तोंडपाठ होता. आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आणून त्यानं उरीयाला मारवलं, त्याला महिने उलटून गेले होते, आणि या काळात त्याला काही दिसलं नव्हतं. न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त तिचा दिवा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. आपल्या मराठी शास्त्रात येशूच्या तोंडी कुसळ आणि मुसळ आहे ते उगीच नाही. डोळ्यातलं मुसळ डोळ्यानं कसं दिसणार? त्याला नाथान लागतो. मला गुरुजी लागले.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण नम्रतेविषयी आपल्या मंडळ्यांत जे शिकवलं जातं त्यात ती बहुतेक वेळा सुटते, आणि सुटते तेव्हा माणसं दुखावतात.

महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळ्या कुठून आल्या ते आपल्याला ठाऊक आहे. नगर जिल्ह्यात, मराठवाड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं प्रभूकडे आली. या लोकांना ‘स्वतःला कमी समजा’ हे सांगायला पाळक नको होता. ते पिढ्यान्‌पिढ्या गावानं सांगितलेलं होतं. वस्तीतल्या एका आजीबाई मला आठवतात. देवळात बाकं रिकामी असली तरी त्या मागं दाराशी, चपलांजवळ खाली बसायच्या. मी तरुण असताना एका उपदेशात त्यांचं नाव न घेता नम्रतेचं उदाहरण म्हणून ते सांगितलं. आज त्याची मला लाज वाटते. ती नम्रता नव्हती. कुणीतरी त्यांना कधीतरी तिथं बसवलं होतं, आणि त्यांना उठवून पुढं आणणं माझं काम होतं. बायकांच्या बाबतीतही हेच होतं. घरात आणि मंडळीत ‘नम्र राहा’ याचा अर्थ पुष्कळदा ‘गप्प राहा’ एवढाच असतो. तुम्ही मोठ्या झालात तेव्हा ‘मुलीच्या जातीनं जास्त पुढं पुढं करू नये’ हे वाक्य कानावर पडलं असेल तर, कौतुक झाल्यावर येणारी तुमची लाज कुठून येते हे एकदा तपासून बघा. पवित्र आत्म्यानं दिलेली टोचणी वेगळी आणि लहानपणी लावलेला चिमटा वेगळा. आत्मा नेमकी गोष्ट दाखवतो आणि वाटही दाखवतो. चिमटा नुसता दुखत राहतो.

योहानाचा तेरावा अध्याय या दृष्टीनं वाचा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले हे आपण सांगतो, पण त्याआधीचं वचन घाईत वाचतो. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो भोजनावरून उठला, वस्त्रं काढून ठेवली आणि कमरेला रुमाल बांधला. ‘जाणून’ या शब्दावर बोट ठेवा. आपण कोण आहोत हे त्याला पुरतं माहीत होतं, म्हणून तो खाली बसू शकला. ज्याला बळजबरीनं खाली बसवलं आहे त्याचं बसणं आणि हे बसणं, दोन्ही बाहेरून सारखं दिसतं. दासानं पाय धुतले तर ती चाकरी असते. त्या आजीबाईंना आधी बाकावर जागा हवी होती. मग त्या स्वखुशीनं खाली बसल्या असत्या तर त्याला नम्रता म्हणता आलं असतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला या संदर्भात फार जवळचं वाटतं. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं होतं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, अमेरिकेतसुद्धा त्यांचं नाव झालेलं होतं. अशी बाई पुढं आपल्या साक्षीत सांगते की बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी मला उमगलं, ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे कबूल करणं किती जड गेलं असेल याचा विचार करा. धर्मांतरावरून इथं गदारोळ झालेला, टीकाकार टपून बसलेले. त्यांच्या हाती आपणच कोलीत देतो आहोत हे त्यांना कळत नसेल? तरी त्यांनी ते लिहिलं. आणि याच रमाबाईंनी ‘मी अज्ञानी बाई’ असं म्हणून संस्कृतचं पांडित्य टाकून दिलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना कळावं म्हणून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. 1922 च्या एप्रिलमध्ये देवाघरी जाण्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं. काय नाही हे त्यांना ठाऊक होतं, काय आहे हेही ठाऊक होतं, आणि त्यांनी दोन्ही लपवलं नाही.

हे रोज कसं करायचं, असं तुम्ही विचाराल. मी जे करतो ते सांगतो. मूळ पद्धत सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत इग्नाटियस लोयोला यांची आहे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती फारशी माहीत नाही आणि काहींना रोमन कॅथलिक म्हणून नकोशी वाटते, पण चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी असं माझं मत आहे. रात्री पंधरा मिनिटं, जास्त नाही. सुरुवात पापांपासून करायची नाही, उपकारस्मरणापासून करायची. आज काय काय मिळालं, अगदी वेळेवर आलेल्या बसपासून. मग प्रकाश मागायचा, कारण आपला दिवा कुठं वळलेला असतो ते दाविदानं दाखवलं आहे. मग सकाळपासून दिवस तास-तास उलगडत यायचं: कुठं प्रीतीनं वागलो, कुठं नाही. चांगलंही मोजायचं. एखादी गोष्ट बोचली तर तिची नेमकी क्षमा मागायची, आणि उद्या त्याबाबत कुठलं एक पाऊल टाकायचं ते ठरवून झोपायचं. एकच पाऊल. पाच ठरवलीत तर एकही होणार नाही.

पंधरा मिनिटं संपली की संपली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तुमचं रात्रीचं रडणं मला काळजीचं वाटतं. इग्नाटियस स्वतः 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत असताना या रोगानं पछाडले होते. एकदा कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करायची, तरी समाधान नाही, अखेर जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांनी ठरवलं की जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत, आणि हा निर्णय देवाच्या दयेचा आहे असं त्यांनी मानलं. क्षमा झालेली गोष्ट रोज उकरून काढणं म्हणजे कृपेवर अविश्वास दाखवणं. आणि ताई, रडणं आठवडेच्या आठवडे चालत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशात मन लागत नसेल, तर पाळकाबरोबर डॉक्टरांनाही भेटा. मी कित्येकांना स्वतः घेऊन गेलो आहे. आजाराला पाप समजून उपास-प्रार्थनेनं त्याच्याशी झगडत बसणं ही श्रद्धेची कसोटी नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. तुमच्या हाताखाली नसलेलं, तुमच्याकडून कशाची गरज नसलेलं आणि तुमच्यावर माया असलेलं एक माणूस शोधा. मैत्रीण चालेल, पण जी तुमची बाजूच घेते ती नको. वर्षातून दोनदा तिला एवढंच विचारा: ‘माझ्याबरोबर काम करताना सगळ्यांत अवघड काय जातं?’ ती सांगत असताना खुलासा करायचा नाही. आठवडाभर उत्तर द्यायचं नाही. माझ्या अनुभवात त्या आठवड्यातच सगळं घडतं. पहिले दोन दिवस राग, मग तिचे दोष आठवतात, आणि मग कधीतरी भाजी निवडताना किंवा गाडी चालवताना शांतपणे वाटतं, ‘हं, आहे खरं.’ किंवा वाटतं, ‘नाही, तिचा गैरसमज झाला आहे,’ पण आता त्यात जळफळाट नसतो. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात, ते ठीकच. पण निंदक आपलं भलं बघत नाही. नाथान बघतो.

आता कमिटीचं. ‘मी योग्य नाही’ म्हणून नाव मागं घेण्याआधी बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा तिसरा आणि चौथा अध्याय वाचा. ‘मी कोण?’ असं मोशे विचारतो तेव्हा देव रागावत नाही, ‘मी तुझ्याबरोबर असेन’ म्हणतो. मी बोलण्यात जड आहे, हेही ऐकून घेतो. पण ‘दुसऱ्या कुणाला तरी पाठव’ असं म्हटल्यावर त्याचा क्रोध भडकतो. उणीव सांगणं वेगळं आणि उणिवेच्या आडून पळणं वेगळं. रोमकरांसच्या त्या बाराव्या अध्यायातही शुद्धीवर राहण्याचं सांगून पौल थेट शरीराच्या अवयवांकडे आणि कृपादानांकडे वळतो: सेवेचं दान असेल तर सेवा करावी, शिकवण्याचं असेल तर शिकवावं. म्हणजे स्वतःचं माप घ्यायचं ते कुठं उभं राहायचं हे कळण्यासाठी. म्हणून स्वतःला ‘मी योग्य आहे का’ असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. असं विचारा: कमिटीचं काम काय आहे? हिशेब, इमारत, पाळकाचा पगार, भांडणं मिटवणं. यातलं मला काय येतं? संडे स्कूल, क्वायर आणि कमिटी, तिन्हींना द्यायला आठवड्यात माझ्याकडे किती तास आहेत? कागदावर मांडा. तासांची बेरीज जमत नसेल तर एक काम दुसऱ्याकडे सोपवा आणि मग कमिटीत जा, किंवा यंदा नको म्हणा. दोन्हींत पाप नाही. तिन्ही धरून ठेवून तिन्हींकडे दुर्लक्ष करणं मात्र मला बरं वाटत नाही, आणि मला शंका आहे की त्या शिक्षिकाबाईंना हेच म्हणायचं होतं.

त्यांच्याविषयी शेवटचं. त्यांचे शब्द कडू होते. ‘माइक प्रिय आहे’ असं म्हणायची गरज नव्हती, गुरुजींसारखं कागदावर मांडून सांगता आलं असतं. पण तुम्ही मला सगळा प्रश्न लिहिलात त्यात नेमकी, दिवस-वार असलेली अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी सांगितलेली होती. निवडणुकीआधी त्यांच्या घरी जा. फोनवर नको, आणि देवळाच्या आवारातही नको, तिथं चार लोक ऐकतात. चूक झाली असं तुम्हाला अजून पटलं नसेल तर माफी मागू नका, ती खोटी होईल. एवढंच म्हणा, ‘बाई, तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते माझ्या मनात राहिलं आहे. तुम्हाला काय दिसलं ते मला नीट सांगाल का?’ आणि मग त्या चहा ठेवायला उठल्या तरी, त्यांचं बोलून होईपर्यंत, मधे काही बोलू नका.